उतारावर भरलेली बॅटरी

सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी मुक्काम असावा, मुलांनी होव्हरबोर्ड रात्रभर चार्जिंगला लावावा आणि सकाळी फाटकातून थेट उतारावर निघावे, हे दृश्य आता नवे नाही. कोणी हटकले तर उत्तर ठरलेले, ‘काका, बॅटरी पूर्ण भरली आहे!’ काळजीचे कारण नेमके तेच आहे.

स्वतःचा तोल सांभाळणारी अशी दुचाकी डीन केमेन यांनी डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेत प्रथम लोकांपुढे आणली, ती ‘सेगवे’. तिची चाके एकामागे एक नसून शेजारी शेजारी असतात. तळहातावर काठी उभी धरणारा मुलगा काठी कलेल तिकडे हात सरकवतो. ही चाकेही तेच करतात. चालक पुढे झुकला की ती पुढे धावतात, मागे रेलला की वेग मंदावतो. निराळा ब्रेक नाहीच. तोल राखणे आणि थांबवणे ही दोन्ही कामे त्याच मोटरींकडे असतात.

यातील खुबी अशी, की वेग कमी करण्यासाठी चाकांना आधी चालकाच्या पुढे निघून जावे लागते, म्हणजे क्षणभर वेग वाढवावा लागतो. त्यासाठी मोटरींजवळ राखीव बळ हवे. म्हणूनच सेगवेचा वेग ताशी 20 किलोमीटरवर रोखलेला होता; मर्यादा गाठताच पायाखालची फळी आपोआप मागे कलत असे.

उतारावर हे गणित अवघड होते. गुरुत्वाकर्षण वाहन खाली ओढते, मोटर त्याला विरोध करते आणि त्या वेळी जनित्र बनून वीज बॅटरीकडे परत पाठवते. चालक व वाहन मिळून 80 किलो धरले, तर 60 मीटर खाली येताना सुमारे 13 वॅट-तास ऊर्जा मोकळी होते. काही घर्षणात जाते. उरलेली ठेवायची कोठे? कोठार काठोकाठ भरले असताना दारात मालाची गाडी उभी राहावी, तशी ही अवस्था. बॅटरीचा दाब वाढतो, वाहन इशारा देते. तो न मानल्यास आणि संरक्षक यंत्रणेने प्रवाह तोडल्यास ब्रेक आणि तोल एकाच क्षणी जातात. सायकलीचा ब्रेक निकामी झाला तरी सायकल उभी राहते. येथे मनुष्य सरळ खाली येतो.

रिकाम्या बॅटरीचा धोका मात्र लवकर ध्यानात आला. बॅटरी संपत आली असता चालक पडू शकतो, म्हणून 2003 मध्ये सुमारे 6,000 सेगवे परत बोलावण्यात आल्या होत्या.

ईर्यासमितीत चार हात भूमी पाहून चालण्यास सांगितले आहे. ताशी 12 किलोमीटर वेगात ते चार हात अर्ध्या सेकंदाच्या आसपास मागे पडतात. उतारावरच्या खडीत अडकलेले लहान चाक सावरायला तेवढा वेळ पुरत नाही.

उंचावर मुक्काम असेल तर बॅटरी काठोकाठ भरू नये, किंवा आधी सपाट जागी थोडी चालवून घ्यावी. इशाऱ्याचा आवाज आला की मागे रेलून थांबावे व उतरावे. आणखी एक गोष्ट दुकानातही क्वचितच सांगितली जाते. माहितीपुस्तिकेत कमाल वजनाबरोबर किमान वजनही दिलेले असते, कारण फार हलक्या मुलाच्या मागे रेलण्याने वाहनाला थांबण्याची खूण नीट पोचत नाही. आपल्यापैकी जे ही खेळणी विकतात, त्यांनी ते पान ग्राहकापुढे उघडून दाखवावे.