नफा कागदावर, पैसा गिऱ्हाईकाकडे

धंदा नफ्यात असेल तर पैशाची ओढाताण व्हायचं कारण नाही, आणि होत असेल तर मालकाचंच कुठेतरी चुकतंय, हा समज फार पक्का आहे. भोसरी किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या युनिटचा नमुना हिशेब मांडून पाहू. महिन्याची विक्री १० लाख, खर्च ९ लाख, नफा १ लाख. माल घेणारी मोठी कंपनी बिल ९० दिवसांनी चुकतं करते. पोलादाचा व्यापारी मात्र पंधरवड्यात पैसे मागतो, पगार थांबवता येत नाहीत, पीएफ आणि ईएसआयचा भरणा १५ तारखेच्या आत करावाच लागतो. पहिलं पेमेंट हाती पडेपर्यंत जवळपास २७ लाख रुपये बाहेर गेलेले असतात. तीन महिन्यांचा ३ लाखांचा नफा खरा आणि बँकेतला खडखडाटही तितकाच खरा. त्यात जीएसटीची भर पडते. नेहमीच्या पद्धतीत कर बिलावर लागतो, वसुलीवर नाही. १८ टक्के दराने १० लाखांवर १ लाख ८० हजार होतात. ५ लाखांच्या कच्च्या मालावरचं ९० हजारांचं क्रेडिट वजा केलं तरी उरलेले ९० हजार पुढच्याच महिन्यात भरायचे. खरेदीदार मात्र पैसे न देताही त्या बिलावरचं क्रेडिट घेऊ शकतो. १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तरच त्याला ते परत करावं लागतं.

मग मोठी ऑर्डर मिळाली की सगळं सुरळीत होईल, अशी आशा धरली जाते. घडतं नेमकं उलट. वरच्याच हिशेबात विक्री दुप्पट झाली तर नफा महिन्याला १ लाखाने वाढेल, पण अडकून पडणारी रक्कम आणखी २७ लाखांनी वाढेल. म्हणून मंदीत तग धरलेली युनिटं तेजीत कोलमडतात, आणि लोक म्हणतात की मालकाने उड्या मारल्या.

उपाय म्हणून सगळे कर्जाकडे बोट दाखवतात. कॅश क्रेडिट हा धंद्याचा आधार आहे, हे मान्यच. पण त्याची मंजूर मर्यादा प्रत्यक्षात किती वापरता येईल, हे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरतं, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँका सहसा त्यात धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईकाने जितका उशीर केला तितकी बँकेतून उचलता येणारी रक्कमही घटते, तीही सगळ्यात जास्त गरज असताना. शिवाय त्या कर्जाचं व्याज लहान कारखानदार भरतो आणि बिनव्याजी उधारी मोठी कंपनी वापरते. हा व्यवहार मला उघड अन्यायाचा वाटतो. दुखणं भांडवलाच्या कमतरतेपेक्षा उधारीच्या दिवसांचं आहे. दिवस कमी झाल्याशिवाय कर्ज कितीही वाढवलं तरी पुरणार नाही.

दिवस कमी करणारा कायदा नाही, हाही गैरसमजच. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने करार असला तरी ४५ दिवसांची कमाल मुदत घातली आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांची. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट ६.७५ टक्के होता तेव्हा हा दर २० टक्क्यांच्या वर जात होता. मात्र हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांनाच आहे. मध्यम उद्योग त्यात येत नाहीत.

यावर कारखानदारांचा आक्षेप असा की तक्रार केली की गिऱ्हाईक तुटतं, कायदा घेऊन काय करायचं? आक्षेप खोटा नाही. ज्याचा ७० टक्के माल एकच कंपनी उचलते, तो थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलची पायरी सहजासहजी चढणार नाही. म्हणूनच तक्रारीविना चालणारे मार्ग अधिक मोलाचे वाटतात. १ एप्रिल २०२४ पासून ४३बी(एच) या कलमाने लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार, मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. मार्चअखेर त्याचा स्वतःचा सीए त्याला थकबाकी विचारतो. अशाने मोठ्या कंपन्या उद्यम नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळतील, ही भीती रास्त आहे. पण दर्जा आणि वेळ सांभाळणारा पुरवठादार बदलणं त्यांनाही स्वस्त पडत नाही. दुसरा मार्ग ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचाचा. खरेदीदाराने तिथे बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पुरवठादाराला पैसे लगेच मिळतात, आणि पुढे खरेदीदाराने बुडवलं तरी बँक पुरवठादाराकडे वसुलीला येत नाही.

यासाठी कागद मात्र चोख लागतात. उद्यम नोंदणी पुरवठ्याआधीची असावी, तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर कायद्याने माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं आणि मुदत तिथून मोजली जाते. त्यामुळे डिलिव्हरी चलनावर कंपनीच्या गेटचा तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत फिरवू नये.