झोपलेला खून आणि डॉक्टरांचा शब्द

पावसाळ्यातील एका रविवारी, दवाखाना बंद असताना, अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची ‘स्लीपिंग मर्डर’ ही कादंबरी मी पुन्हा वाचली. विद्यार्थिदशेत ती रहस्यासाठी वाचली होती. आता, इतकी वर्षे बालरुग्ण तपासल्यावर, खुनी कोण यापेक्षा खून एवढा काळ दडून कसा राहिला, हा प्रश्न मोठा वाटला. त्याचे उत्तर आपल्या व्यवसायाशी निगडित असल्याने हा लेखनप्रपंच. रहस्य फोडावे लागणार आहे. वाचकांनी क्षमा करावी.

ख्रिस्तीबाईंचा जन्म १८९० साली इंग्लंडमधील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयाच्या औषधालयात काम केले. त्यांच्या कथांतील विषांचे ज्ञान तेथलेच. ही कादंबरी त्यांच्या निधनानंतर, १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली.

कथा घडते डिलमथ या काल्पनिक किनारी गावात. ग्वेंडा ही नवविवाहिता तेथे घर घेते आणि ते घर तिला ओळखीचे वाटू लागते. बुजवलेले दार कोठे असावे, भिंतीवर पूर्वी कोणता कागद होता, हे तिला आधीच ठाऊक असते. पुढे एक नाटक पाहताना तिला अचानक आठवते की, आपण लहानपणी याच घराच्या जिन्यातून एका स्त्रीचे प्रेत पाहिले होते. ती स्त्री म्हणजे तिची सावत्र आई, हेलन. घटनेला अठरा वर्षे उलटलेली. पोलिसांत साधी नोंदही नाही.

नोंद का नाही? कारण हेलन पळून गेली, असे तिच्या सावत्र भावाने सांगितले, आणि तो गावातला प्रतिष्ठित डॉक्टर होता. ग्वेंडाच्या पित्याने मृतदेह पाहिला होता. परंतु तो तुमचा भ्रम आहे, असे त्याच डॉक्टरने त्यांच्या मनावर बिंबवले. खुनी तोच होता. त्याचे खरे शस्त्र विष नव्हते, गावाने त्याच्या शब्दावर टाकलेला विश्वास होता.

कादंबरीतील हा डॉक्टर अपवाद, हे मान्य. परंतु वैद्यकीय अभिप्रायाचे वजन प्रत्यक्षातही तितकेच असते. २००८ साली आपल्या हणजुणे किनाऱ्यावर एका परदेशी अल्पवयीन मुलीचा मृतदेह सापडला. प्रारंभी तो बुडून आलेला अपघाती मृत्यू मानला गेला. मातेने आग्रह धरल्यावर दुसरी उत्तरीय तपासणी झाली आणि तपासाची दिशा पालटली. बाल न्यायालयाने २०१६ मध्ये दोघांना निर्दोष ठरवले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. आई गप्प बसली असती तर?

आता ग्वेंडाच्या स्मृतीविषयी. प्रौढांच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारणतः तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात. त्यामुळे अठरा वर्षांनी एवढे स्पष्ट चित्र परतणे, ही कादंबरीकाराची मुभा. शिवाय स्मृती म्हणजे छायाचित्र नव्हे. सूचक प्रश्नांनी ती बदलते. पण ‘लहान आहे, त्याला काय कळते?’ हे आपले पालुपदही तितकेच चुकीचे. तीन-चार वर्षांचे मूल नुकतेच पाहिलेले सांगू शकते. भीती शब्दांत आली नाही, तर ती पोटदुखीतून, अंथरूण ओले होण्यातून, विशिष्ट माणसाला पाहून बिलगण्यातून बोलते. अशा लक्षणांना इतरही कारणे असतात. म्हणूनच घाईने निष्कर्ष काढू नये आणि घाईने नाकारूही नये.

अशा वेळी मुलाला ‘त्याने मारले ना?’ असे न विचारता ‘काय झाले ते सांग’ म्हणावे. उत्तर मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. कुटुंब कितीही परिचित असले तरी नोंद सौम्य करू नये. गोव्याने २००३ मध्येच स्वतःचा बाल कायदा केला. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये मुलावरील लैंगिक गुन्हा माहीत झाल्यास तो पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे.

आमच्या पाळीतून समुद्र दिसत नाही, पण डिलमथसारखेच येथेही सर्व जण एकमेकांना ओळखतात आणि डॉक्टरांचा शब्द सहसा कोणी मोडत नाही. हा मान मोठा आहे. म्हणूनच तो शब्द उच्चारण्यापूर्वी, समोरच्या लहानग्याला काही सांगायचे आहे का, एवढे आपण विचारले पाहिजे.