हवेची कानटोपी

फ्लीसच्या कानटोपीत एक थर्मामीटर गुंडाळून रात्रभर कपाटात ठेवा. सकाळी पारा खोलीच्या तपमानापेक्षा तसूभरही वर गेलेला नसेल. आता त्याच टोपीत बर्फाचा खडा गुंडाळा. उघड्यावर ठेवलेल्या खड्यापेक्षा तो उशिरा वितळेल. कपड्याजवळ स्वतःची ऊब नसतेच. बर्फाच्या लाद्या भुशात आणि तरटात गुंडाळून विकणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ऊब आपल्या रक्ताची; कपडा तिला फक्त निसटू देत नाही. आणि खरं सांगायचं तर तेही काम कपडा करत नाही. ते करते त्याच्या तंतूंत अडकून बसलेली, हलायला जागा न उरलेली हवा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीत बर्फ पडत नाही. मग घरी बसून फ्लीसच्या टोप्या आणि गळपट्ट्या शिवायचा उद्योग इथे कुणी का करावा? कारण इथली थंडी ओली असते. जूनमध्ये आभाळ एकदा खाली उतरलं की ते दाजीपूरच्या जंगलावरच मुक्काम ठोकतं. इथलं धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि भोगावती नदी फुगते. त्या दिवसांत दोरीवरची सुती बंडी दोन-दोन दिवस दमट राहते, आणि चुलीवर धरून वाळवली तर धुराचा वास घेऊन अंगावर येते. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे २३ पट वेगाने वाहून नेतं. म्हणजे टोपीतली हवा जाऊन तिथे पाणी शिरलं की टोपी ऊब राखायचं सोडून ती बाहेर नेऊ लागते. कोरड्या थंडीत कुठलाही जाड कपडा चालतो. ओल्या थंडीत खरा प्रश्न एवढाच, की हा कपडा पाण्याशी कसा वागतो.

नेहमीच्या हवेतला ओलावा शोषून सुताचं वजन साधारण ८ टक्क्यांनी वाढतं. पॉलिएस्टरचं वाढतं जेमतेम ०.४ टक्के. फ्लीसची टोपी भिजते, नाही असं नाही. पण पाणी तंतूच्या पोटात शिरत नाही, दोन तंतूंच्या मधल्या जागेत लोंबकळत राहतं. पिळून झटकली की बरंचसं पाणी निघून जातं आणि त्या जागेत पुन्हा हवा येऊन बसते. लोकर तिसऱ्याच तऱ्हेची. दमट हवेत ती स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पिताना ती चक्क थोडी उष्णताही सोडते. आपल्या जिल्ह्यात हे शास्त्र कुणी पुस्तकात वाचून शिकलेलं नाही. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या धनगरांच्या खांद्यावरचं घोंगडं बघा. दख्खनी मेंढीची राठ लोकर, हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात त्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की खोळ तयार. डोकं, मान, पाठ एकदमच झाकली जाते आणि सुईचा एक टाकाही लागत नाही. बाळाची कुंची त्याच घराण्यातली. तिला तेवढी मागे एक शिवण आणि हनुवटीखाली बंद. कानटोपी आणि गळपट्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपण फार उशिरा ठरवलं.

आता फ्लीसकडे वळू. हे कापड मुळात खनिज तेल. १९४१ साली व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी तेलातून निघणारी दोन द्रव्यं जोडून एक लांबलचक रेणू बनवला. त्याचा धागा 'टेरिलीन' म्हणून जगभर गेला, आणि टेरीन-टेरिकॉटच्या रूपाने आपल्या लग्नाच्या सुटांत येऊन बसला. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक आणि हा धागा ही एकाच रेणूची दोन रूपं, म्हणून तर बाटल्या वितळवून फ्लीस करता येतं. वितळलेला रस बारीक भोकांच्या चकतीतून दाबून बाहेर काढतात, शेवेच्या सोऱ्यासारखा. फरक एवढाच की ही शेव केसाहून बारीक असते आणि ती मैलोन्‌मैल तुटत नाही.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. आपल्याला कापड म्हटलं की आठवतो माग. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या जिल्ह्याच्या कानात उभ्या-आडव्या धाग्यांचा खडखडाट आहे. मागावरचं कापड कापलं की कडेचे धागे सुटतात, म्हणून ते दुमडून शिवावं लागतं. फ्लीस मागावर येतच नाही. ते स्वेटरसारखं विणलेलं असतं, एका फासात दुसरा फास. मग ते बारीक तारांच्या दातांनी मढवलेल्या रुळांवरून नेतात. तारा पृष्ठावरचे फास उपसतात, फाडतात, पिंजतात. चांगलं विणलेलं कापड मुद्दाम विस्कटायचं! वर उभी राहिलेली लव कातरून सारखी केली की फ्लीस तयार. आत फासांची जाळी, तिच्या दोन्ही अंगांना तंतूंचं रान, आणि रानात अडकलेली हवा. जाळीचे फास या रानाने असे जखडलेले असतात की कात्री कुठेही चालवा, कड उसवत नाही.

अमेरिकेतल्या लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्स या गिरणीने हे कापड १९७९ साली बाजारात आणलं. तिचे मालक आरन फ्यूअरस्टाइन यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही असं सांगतात, म्हणून ते जगभर कुणालाही करता आलं. ११ डिसेंबर १९९५ ला ती गिरणी जळाली. हा माणूस त्यानंतर कित्येक महिने रिकाम्या बसलेल्या कामगारांना पगार देत राहिला. पुढे गिरणीचं दिवाळं निघालं, हेही खरं. आज आपल्या बाजारात फ्लीस येतं ते बहुतेक पानिपतच्या पातळ ब्लँकेटांच्या रूपात. एका माणसाचं ब्लँकेट कापलं तर डझनभर टोप्या सहज निघतात.

कापायच्या आधी ब्लँकेटची कड दोन्ही हातांत धरून ओढायची, आधी आडवी, मग उभी. एका दिशेला ते जास्त ताणतं. ती दिशा डोक्याभोवती फिरली पाहिजे. उलटी धरली तर टोपी लांबीला ताणेल आणि कपाळावर करकचेल. टोपी शिवताना होणाऱ्या चुकांत नव्वद टक्के चूक ही एवढीच, असं माझं मत आहे. बाकी चुका फ्लीस पोटात घालतं.

टेप कानांच्या थोडं वरून फिरवला तर मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५६ सेंटिमीटर भरतं. तेवढा रुंद आणि २८ सेंटिमीटर उंच आयत कापायचा. दोन टोकं जोडली की नळी झाली. खालची ६ सेंटिमीटर दुमड, मधली ८ कानांवर, आणि वरची १४ डोक्याच्या घुमटासाठी.

इथे शिवणकामात गणित शिरतं. सपाट पृष्ठ चुणी न पाडता, न ताणता, न कापता गोलावर बसवता येतच नाही. १८२७ साली गाउस या जर्मन गणितीने हे सिद्ध केलं. याच कारणाने शाळेतल्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि याच कारणाने शिंप्याला टोपीला पाकळ्या पाडाव्या लागतात. आपल्या गांधी टोपीने तर या प्रमेयाशी भांडायलाच नकार दिलाय. ती गोल होतच नाही. घडी घालून खिशात जाते आणि डोक्यावर सपाटच्या सपाट बसते. रुबाब राखते, कान मात्र उघडे टाकते.

आपण चार पाकळ्या घेऊ. ५६ चे चार भाग म्हणजे पाकळीचा पाया १४ सेंटिमीटर. आणि तिची उंची? डोकं अर्धगोल धरलं तर कडेपासून शेंड्यापर्यंतचा बाक परिघाच्या बरोबर चौथा हिस्सा असतो, म्हणजे पुन्हा १४. पाया आणि उंची सारखीच! पण पाकळीच्या कडा सरळ कापल्या तर टोपी विदूषकाची होते, टोकदार. निम्म्या उंचीवर पाकळी ७ नव्हे, जवळजवळ १० सेंटिमीटर रुंद हवी, म्हणजे कडा बाहेर फुगलेल्या हव्यात. जुने शिंपी हा बाक खडूने एका झटक्यात काढतात. त्या झटक्यात कोसाइनचा वक्र आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगून त्यांच्या हातात काडीचाही फरक पडणार नाही. शिवणीत गेलेलं थोडं कापड आणि प्रत्येकाच्या डोक्याचा आपापला आकार, दोन्ही फ्लीसचा ताण भरून काढतो.

घरातल्या काळ्या पायमशीनवर हे शिवता येतं, दोन पथ्यं पाळली तर. सुई गोल टोकाची घ्या, १४ नंबरची. अणकुचीदार सुई फासाचा तंतूच छेदते, गोल टोक दोन तंतूंमधून वाट काढतं. दुसरं पथ्य टिपेचं. कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही. टोपी डोक्यात घालताना दोरा तटकन तुटतो. मशीनवर झिगझॅग असेल तर प्रश्नच मिटला, कारण नागमोडी टिपेला सरळ व्हायला वाव असतो. नसेल तर टाका मोठा ठेवायचा, पॉलिएस्टरचा दोरा घ्यायचा आणि शिवताना कापड किंचित ओढून धरायचं. काम संपल्यावर बॉबीनच्या खोबणीत बघा, केवढी लव साठलेली असते! ती ब्रशने काढून तेलाचा थेंब सोडायचा. इस्त्री मात्र या कापडाजवळ आणू नका. ज्या लवेसाठी एवढा खटाटोप केला, ती तापल्या पत्र्याखाली कायमची आडवी होते.

गळपट्टी शिवणं म्हणजे सुट्टीच. ५६ बाय २५ चा आयत, एक शिवण, संपलं. कडा उसवत नाहीत, त्यामुळे दुमडायचीही गरज नाही. पण ही साधी नळी मफलरपेक्षा मोठ्या गुणाची आहे, कारण तिला टोकं नाहीत. १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी उघड्या मोटारीत बसली. गळ्यातल्या लांब रुमालाचं टोक चाकात गेलं आणि तिथेच ती गेली. ओढणी-साडीचा पदर दुचाकीच्या चाकात गेल्याच्या बातम्या आपल्याकडेही नव्या नाहीत. पहाटे फोंडा घाटाकडे गाडी काढणाऱ्याने मफलर घरी ठेवून गळपट्टी चढवावी. फक्त तिच्यावरून जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढावी, कारण फ्लीसची एक उणीव मोठी आहे: वारा त्यातून आरपार जातो आणि साठवलेली हवा घेऊनच जातो. जाड टोपीवर हेल्मेट चढवू नये. ते नीट बसत नाही.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं घरोघरी सांगतात. ते खरं नाही. डोकं शरीराच्या कातडीचा साधारण दहावा हिस्सा, आणि उष्णताही जवळपास तेवढीच सोडतं. अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ही समजूत खोडून काढली. मग कानटोपी घातल्यावर एवढं बरं का वाटतं? बाकी अंग आधीच झाकलेलं असतं, उघडं उरतं ते डोकंच. आणि चेहरा, कान, मान हे भाग थंडीबाबत फार हळवे असतात.

घोंगडं फ्लीसच्या पुढे जातं ते शेकोटीपाशी. लोकर सहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तिथेच करपते. पॉलिएस्टर वितळतं आणि वितळून कातडीला चिकटतं. चुलीशी वाकून काम करणाऱ्या बाईच्या किंवा शेकोटीला टेकलेल्या पोराच्या गळ्यात फ्लीस नको. तिथे लोकरच हवी.

फ्लीसची आणखी एक अडचण धुण्याची. २०११ साली मार्क ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की एका कपड्यातून एका धुण्यात १९०० पेक्षा जास्त तंतू सुटू शकतात. राधानगरीच्या दगडावर धुतलेल्या टोपीचा तंतू भोगावतीत जातो, प्रयाग चिखलीला पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत, आणि अरबी समुद्र डोंगरापलीकडे इतका जवळ असताना अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. तो कुजत नाही. म्हणून फ्लीस बादलीत गार पाण्याने, न घासता धुवावं, तेही मळलं तरच. पाणी जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून गाळून परसात ओतायचं. फडक्यावर राखाडी लव उरते. ती वाळली की बोटाने गोळा करून कोरड्या कचऱ्यात टाकायची, चुलीत नाही.