जुना पूल जातो, नवा का रखडतो?



पिंपळे गुरवमध्ये राहणारा एखादा कामगार सकाळी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीकडे निघाला, की त्याला वाटेत तीन गोष्टी ओलांडाव्या लागतात. आधी पवना नदी, मग पुणे-लोणावळा लोहमार्ग आणि त्यापुढे पुणे-मुंबई रस्ता. यांतील नदी आणि लोहमार्ग या दोन्हींवर पूल लागतात. दोन्ही पूल वरून सारखेच दिसतात. परंतु पूल म्हातारा झाला आणि तो बदलायची वेळ आली, की दोहोंतला मोठा फरक कळून येतो. नदीला उन्हाळा असतो. पाणी ओसरते, पात्रात उतरून काम करता येते. लोहमार्गाला मात्र उन्हाळा नसतो! १८५८ साली पुणे-खंडाळा मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून हा प्रवाह वाहतोच आहे. मग अशा प्रवाहावरचा पूल बदलायचा तरी कसा? आणि त्याला वर्षेच्या वर्षे का लागतात? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण मुंबईला, अंधेरीला जाऊ.

अंधेरीची सकाळ

अंधेरी स्टेशनाजवळ पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल १९७५ साली बांधला गेला. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, या पुलाचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर कोसळला. पाच जण जखमी झाले आणि त्यांतील दोघांचा पुढे मृत्यू झाला. त्याच वेळी एक लोकल गाडी पुलाकडे येत होती. मोटरमनने पूल कोसळताना पाहून तत्काळ ब्रेक लावला आणि गाडी अलीकडेच थांबली. नाही तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

यानंतर उरलेल्या पुलाची तपासणी झाली. तो धोकादायक ठरला आणि ७ नोव्हेंबर २०२२ पासून वाहतुकीला पूर्ण बंद करण्यात आला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली, तर पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. म्हणजे अपघातापासून पूर्ण पुलापर्यंत जवळजवळ सात वर्षे गेली. त्यांतील पंधरा महिन्यांहून अधिक काळ तेथे वाहनांना पूलच नव्हता.

पूल म्हातारा कसा होतो?

करून पाहा: कागदाला लावायची एक जुनी यू-पिन घ्या, ती सरळ करा आणि एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. पहिल्या खेपेस ती तुटत नाही, दुसऱ्या खेपेसही नाही. परंतु काही खेपांनंतर ती अचानक तुटते. तुम्ही जोर वाढवला नव्हता, तरीही ती तुटली. धातू पुन्हापुन्हा ताण सोसून असा 'थकतो'. वरून ट्रक गेला, की पुलाची तुळई, म्हणजे गर्डर, किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. हे वाकणे डोळ्यांना दिसतही नाही, परंतु ते वर्षानुवर्षे, लाखो वेळा घडते.

दुसरा शत्रू म्हणजे गंज. लोखंड गंजले, की त्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. काँक्रीटच्या पोटातील सळई गंजली, तर ती आतून फुगते आणि काँक्रीटला तडे पाडते. त्या तड्यांतून पाणी आणि हवा आत शिरते आणि गंज आणखी वाढतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे चक्र अधिकच वेगाने फिरते. म्हणून बाहेरून रंगवलेला पूल धडधाकट दिसला, तरी त्याची प्रकृती तपासावी लागते. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवतात. लहरी सावकाश पोहोचल्या, तर आत पोकळी किंवा तडे असावेत, असे अनुमान काढता येते.

दोन तासांची रात्र

जुना पूल पाडायचा, तर खालून गाड्या जात असताना ते शक्य नाही. आधी गाड्या थांबवाव्या लागतात आणि रुळांवरच्या तारांतील वीज बंद करावी लागते. यालाच 'ब्लॉक' म्हणतात. मुंबईत लोकल गाड्या मध्यरात्रीनंतर जेमतेम तीन-चार तास विसावा घेतात. तेवढाच वेळ कामाला मिळतो.

आता एक साधे गणित करू. समजा, एका रात्री तीन तासांचा ब्लॉक मिळाला. सुरुवातीचा अर्धा तास वीज बंद करून तारा सुरक्षित करण्यात गेला आणि शेवटचा अर्धा तास रूळ मोकळे करून वीज पुन्हा सुरू करण्यात गेला. कामाला उरले दोन तास. काम सोळा तासांचे असेल, तर आठ रात्री लागतील. ब्लॉक आठवड्यातून दोनच रात्री मिळत असेल, तर चार आठवडे झाले. मोकळ्या मैदानात दोन दिवसांत होणारे काम येथे महिना खाते!

सलग मोठा ब्लॉक का घेत नाहीत? तोही घेतात, पण त्याची किंमत पाहा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि मशीद स्टेशनांच्या मध्ये कर्नाक पूल होता. १८६८ सालचा हा पूल पाडण्यासाठी मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा ब्लॉक घेतला. त्यासाठी लोकलच्या हजाराहून अधिक फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. पूल २७ तासांत गेला. त्याच्या जागी नवा पूल सुरू झाला १० जुलै २०२५ रोजी, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळाने.

नवी तुळई रुळांवर उभे राहून बांधता येत नाही. तिचे भाग दूरच्या कारखान्यात तयार होतात. अंधेरीच्या तुळयांचे भाग हरियाणातील अंबाल्याहून आले. रुळांच्या बाजूला ते जोडून अखंड तुळई उभी करतात आणि मग ब्लॉकमध्ये ती हळूहळू रुळांवरून पलीकडे सरकवतात. अंधेरीची तुळई सुमारे ९० मीटर लांब आणि सुमारे १,३०० टन वजनाची होती. पहिली तुळई डिसेंबर २०२३ मध्ये सरकवली गेली, दुसरी सप्टेंबर २०२४ मध्ये. पलीकडे पोहोचल्यावर तिला जॅकच्या साह्याने थोडे थोडे खाली उतरवून जागेवर बसवावे लागते. कारखान्यातला एक भाग उशिरा आला, की पुढची सारी साखळी थांबते. आणि ठरलेली ब्लॉकची रात्र हुकली, तर दुसरी रात्र लगेच मिळेलच असे नाही.

दीड मीटरचे कोडे

तुम्ही विचाराल, 'जुन्या मापाचाच पूल पुन्हा बांधला, तर काम सोपे नाही का होणार?' तसे करता येत नाही. पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत आणि मध्य रेल्वेवर २०१६ पर्यंत मुंबईच्या लोकल १,५०० व्होल्टवर चालणे थांबले आणि तारांत २५,००० व्होल्टचा प्रवाह आला. पुणे-लोणावळा मार्गावरील तारांतही आज तेवढाच दाब आहे. कोरड्या हवेच्या एक सेंटिमीटर थरातून ठिणगी उडण्यास साधारण ३०,००० व्होल्ट लागतात. परंतु पावसाळी दमट हवा, वाऱ्याने हलणारी तार, विजांचा कडकडाट या साऱ्यांचा विचार करून तार आणि पूल यांत याच्या कितीतरी पट अंतर ठेवतात. शिवाय पुढील शंभर वर्षांत तारा आणि गाड्या बदलतील, त्यांसाठीही जागा हवी. म्हणून नव्या पुलांना रेल्वे अधिक उंची मागते.

अंधेरीचा नवा पूल जुन्यापेक्षा सुमारे दीड मीटर उंच झाला. दीड मीटर म्हणजे साधारण तुमच्याएवढी उंची. त्यात काय मोठे? पण पुलाला चढ असतो. तीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ धरला, तर दीड मीटर उंचीसाठी रस्ता ४५ मीटर मागून चढू लागला पाहिजे. तेवढी जागा भर शहरात आणायची कोठून? दोन्ही बाजूंना घरे, दुकाने आणि चौक! अंधेरीत तर पुलाला लागूनच बर्फीवाला उड्डाणपूल होता. जुना गोखले पूल त्याला जोडलेला होता. नवा पूल वर गेला आणि दोहोंच्या मध्ये पायरी तयार झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूल उघडला, तेव्हा लोकांनी ती पाहिली आणि 'असे कसे झाले?' असा प्रश्न सगळीकडे विचारला गेला.

उपाय निघाला तो पास्कलच्या नियमातून. इंजेक्शनच्या, सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या घ्या, एक बारीक आणि एक जाड. त्या पाण्याने भरून नळीने जोडा. बारीक पिचकारीचा दट्ट्या दाबला, की जाड पिचकारीचा दट्ट्या अधिक जोराने वर येतो, मात्र थोडाच सरकतो. द्रवातील दाब सगळीकडे सारखा पोहोचतो आणि क्षेत्रफळ जास्त असेल तेथे बल जास्त मिळते. याच तत्त्वावरच्या जॅकनी बर्फीवाला पुलाचा भाग एका बाजूला सुमारे १.४ मीटर आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ६५ सेंटिमीटर उचलण्यात आला. आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआय या संस्थांचा सल्ला त्यासाठी घेतला गेला. जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. विज्ञानाने कोडे सोडवले, हे खरे. परंतु ही पायरी कागदावर असतानाच सोडवली असती, तर ते चार महिने वाचले असते, हेही तितकेच खरे.

वळसा कोण घालतो?

पूल बंद असतो, तेव्हा खर्च थांबत नाही, तो फक्त दुसऱ्यांच्या खिशात जातो. समजा, बंद पुलामुळे रोज २०,००० वाहनांना प्रत्येकी दोन किलोमीटर जास्त जावे लागले. एकूण झाले ४०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा, आणि तीही रोज! लिटरला वीस किलोमीटर धरले, तर दररोज २,००० लिटर इंधन केवळ वळशात जळेल. हा आकडा कोणत्याही पुलाच्या अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो.

आणि पायी जाणाऱ्यांचे काय? मुंबईचा १८७९ सालचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला. पादचाऱ्यांसाठी पर्यायी पूल नव्हता, म्हणून शाळकरी मुलांसह अनेक लोक रूळ ओलांडू लागले. प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. नवा पूल वाहतुकीला मिळाला ऑगस्ट २०२२ मध्ये. वाहन वळसा घालते, पण पायी जाणारा माणूस जवळची वाट शोधतो, आणि रुळांवर जवळची वाट जिवावर बेतते. म्हणून जुना पूल पाडण्याआधी पादचाऱ्यांची सोय झाली पाहिजे.

मग पूल बंदच करू नये का? तसे म्हणता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यात, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवर एक जुना लोखंडी पूल होता. त्याची अवस्था वाईट होती. नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती, परंतु प्रत्यक्ष काम सुरू झाले नव्हते. १५ जून २०२५ रोजी तो पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. म्हातारा पूल उघडा ठेवण्याची किंमत ही अशी असते.

म्हणजे खरा प्रश्न 'बंद करावा की न करावा' हा नाहीच. प्रश्न आहे तो क्रमाचा. पूल बंद होईल त्या दिवशी नव्या पुलाचा आराखडा, रेल्वेची संमती, चढाची जागा, कारखान्यात तयार होत आलेली तुळई आणि पादचाऱ्यांची वाट या पाचही गोष्टी हातात असाव्यात. जुना पूल उभा असतानाच हे सारे करता येते, कारण त्याला रात्रीचा ब्लॉक लागत नाही. लागते ती फक्त वेळेवर घेतलेली जाग.

एक काम तुमच्यासाठी. तुमच्या गावातील एखाद्या पुलाजवळ शिक्षकांसह जा. रुळांवर किंवा रहदारीत मात्र उतरू नका. तो पूल कोणत्या साली बांधला, त्याची कोनशिला आहे का, काँक्रीटवर तांबूस डाग किंवा तडे दिसतात का, पावसाचे पाणी कोठून निचरते, याची नोंद वहीत करा. तो बंद झाला, तर तुमच्या शाळेची वाट किती लांबेल, तेही मोजा. पुढच्या वर्षी पुन्हा तेथे जा आणि जुनी नोंद ताडून पाहा. डाग वाढले असतील, तर ती वही स्थानिक अभियंत्याला जरूर दाखवा.