बंद पडलेली हार्ड डिस्क भंगारात टाकण्यापूर्वी

दुकानातील कम्प्युटर बंद पडतो, मेकॅनिक "हार्ड डिस्क गेली" असे सांगून नवी बसवून देतो आणि जुनी डिस्क गल्ल्याखालच्या खणात पडून राहते. पुढे कधीतरी साफसफाई निघते. मग जुन्या वायरी व फुटक्या कीबोर्डबरोबर तीही भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. तिचे जेमतेम काही रुपये येतात. परंतु त्या डिस्कवर दुकानाचा कित्येक वर्षांचा पसारा असतो आणि त्यातील बराचसा भाग दुकानदाराच्या मालकीचा नसतोच. आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंचे लक्ष आज याच गोष्टीकडे वेधायचे आहे.

हज-उमराहच्या टूर्सचे काम करणाऱ्यांकडे शेकडो लोकांच्या पासपोर्टच्या प्रती व फोटो असतात. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात मोहल्ल्यातील निम्म्या घरांची आधार कार्डे, उत्पन्नाचे दाखले आणि बँकेची पासबुके स्कॅन होऊन पडलेली असतात. लेडीज टेलरकडे बायकांची नावे, मोबाइल नंबर व मापे असतात. फोटो स्टुडिओवाल्यांची जबाबदारी तर आम्हांला सर्वांत मोठी वाटते. निकाह-वलीम्यात जनान्याचे फोटो काढू देणारी घरे ते फोटो बाहेर जाणार नाहीत या एकाच भरवशावर काढू देतात. तो भरवसा अल्बम हाती दिला की संपत नाही. स्टुडिओच्या डिस्कवर जोवर ते फोटो आहेत, तोवर तो चालूच असतो.

यावर बहुतेकांचे उत्तर असे की, डिस्क तर बंद पडली आहे, आता तिच्यातून कोण काय काढणार? हा मोठा गैरसमज आहे. हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. त्यांवर लोहचुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो आणि माहिती त्या थरावर नोंदलेली असते. डिस्क "जाते" तेव्हा बहुधा खालची सर्किटची पट्टी जळलेली असते, मोटर अडकलेली असते किंवा वाचणारी सुई, म्हणजे हेड, खराब झालेले असते. तबकडीवरची नोंद मात्र पुष्कळदा जशीच्या तशी असते. ग्रामोफोन बिघडला म्हणून रेकॉर्डवरचे गाणे पुसले जात नाही, तसेच हे आहे. जाणकार माणूस पट्टी किंवा हेड बदलून ती माहिती काढू शकतो, आणि हा धंदा आपल्या शहरांतही राजरोस चालतो.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकन अंतराळयान परतीच्या वाटेवर आकाशातच फुटले. त्याच यानात कल्पना चावला होत्या. त्याच्या अवशेषांत सुमारे सहा महिन्यांनी एक जळून काळी पडलेली हार्ड डिस्क सापडली. तज्ज्ञांनी तिच्या तबकड्या दुसऱ्या डबीत बसवून प्रयोगाची सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. आकाशातून जळत पडलेल्या डिस्कची ही गोष्ट आहे. आपली डिस्क तर फक्त खणात पडलेली असते.

त्याच २००३ साली सिम्सन गारफिन्केल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी बाजारातून १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. बाकीच्यांवर लोकांची पत्रे, औषधपाण्याच्या नोंदी आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे नंबर होते. एक डिस्क तर पैसे काढण्याच्या एटीएम यंत्रातील होती. मोठ्या पेढ्याही याला अपवाद नाहीत. मॉर्गन स्टॅन्ले या बड्या वित्तसंस्थेने जुन्या डिस्कची विल्हेवाट सामान हलवणाऱ्या एका कंपनीवर सोपवली. त्या डिस्क माहितीसकट लिलावात विकल्या गेल्या. या प्रकरणी २०२२ साली तिला साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला.

आपल्याकडेही २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि माहितीची वाजवी काळजी न घेणाऱ्याला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण आम्ही कायद्याच्या भीतीने हे लिहीत नाही. गिऱ्हाइकाचा कागद ही अमानत आहे आणि अमानतीबद्दलचा हुकूम सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत आहे, तो वाचकांना ठाऊक आहे. हिजरतच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले, ते लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला पोहोचवण्यासाठी. ज्या शहराने जगणे अवघड केले, त्या शहराच्या ठेवी होत्या त्या.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय? प्रथम डिस्क खरोखरच मेली आहे का ते पाहावे. केबल बदलून ती दुसऱ्या कम्प्युटरला जोडावी. अनेकदा डिस्क ठीक असते आणि दोष केबलचा किंवा पॉवर सप्लायचा निघतो. डिस्क दिसली तर कामाची माहिती आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. घाईत डिस्क फोडली आणि हिशेब दुसरीकडे नसला, तर तो वेगळाच ताप होतो.

चालू डिस्क पुसायची तर "क्विक फॉरमॅट" मारून भागत नाही. त्याने केवळ अनुक्रमणिका फाडली जाते, पुस्तकाची पाने तशीच राहतात. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावा. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितो. त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवावा. पस्तीस वेळा पुसावे असा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो १९९६ च्या एका शोधनिबंधातून पसरला आणि त्या काळच्या जुन्या डिस्कसाठी होता. आजच्या हार्ड डिस्कला एकदा पुरते.

डिस्क दिसतच नसेल तर पुसण्याचा प्रश्न उरत नाही, ती फोडावीच लागते. येथे आमच्या कारागीर बंधूंना कोणाकडे जाण्याची गरज नाही. फॅब्रिकेशनवाले, लेथवाले, सुतार यांच्याकडे लागणारी सर्व हत्यारे हाताशीच आहेत. झाकणाचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे असतात आणि एखादा लेबलखाली दडलेला असतो. झाकण निघाले की तबकड्या बाहेर काढाव्यात. ॲल्युमिनियमच्या असतील तर दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरने घासून मग पक्कडीने वाकवाव्यात. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधील तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि ठोका बसताच त्यांच्या ठिकऱ्या उडतात. म्हणून त्या गोणपाटात गुंडाळून फोडाव्यात, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. आतील दोन चुंबके फार जोरकस असतात, त्यांत बोट चिमटू देऊ नये.

उघडण्याची दगदग नको असेल तर बंद डबीतूनच ड्रिलने आरपार चार-पाच भोके पाडावीत, मात्र ती तबकड्यांतून गेली पाहिजेत. एखाद्या सरकारी प्रयोगशाळेला दोन भोकांमधले काही वाचता येईलही, पण गल्लीतल्या लबाडाला येणार नाही. दुकानदाराला यापलीकडे जाण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. पाण्यात बुडवणे किंवा स्पीकरचे चुंबक फिरवणे यांचा उपयोग नाही. जाळणे तर मुळीच नको. सर्किटचा धूर आपल्याच गल्लीतील मुलांच्या छातीत जातो.

नव्या एसएसडीत तबकडी नसते, काळ्या चिप असतात. चुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. तिची प्रत्येक चिप फोडावी लागते, आणि पेनड्राइव्हचेही तेच. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये हार्ड डिस्क असते हे लोक विसरतात. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही ती असू शकते. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने २०१० मध्ये चार जुनी झेरॉक्स यंत्रे विकत घेतली, तेव्हा त्यांच्या डिस्कवर पोलिसांची व रुग्णांची कागदपत्रे सापडली होती. जुने मशीन विकणाऱ्याने विक्रीपूर्वी मेकॅनिकला हे विचारावे.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, पण जुनी कंपनीकडेच राहते. तिच्यावर लोकांचे पासपोर्ट किंवा जनान्याचे फोटो असतील, तर वॉरंटीवर पाणी सोडावे असे आमचे मत आहे.

आमच्या वाचकांत भंगाराचा व्यवसाय करणारेही पुष्कळ आहेत. मुंबईत कुर्ला-साकीनाका आणि दिल्लीत सीलमपूर ही या मालाची नावाजलेली ठिकाणे आहेत. या बंधूंना एवढेच सांगणे आहे की, विकत घेतली ती धातूची डबी, आतले कागद नव्हेत. डिस्क चालते का ते पाहणे हा धंदा झाला. फोल्डर उघडून बघत बसणे हा तजस्सुस आहे. पुढे विकण्याआधी ती पुसावी आणि पुसली जात नसेल तर फोडूनच धातूच्या भावाने विकावी. डिस्क पुसून किंवा डोळ्यांसमोर फोडून देणारा भंगारवाला म्हणून एखाद्याचे नाव झाले, तर ऑफिसांचा माल त्याच्याकडे आपण होऊन येईल. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यामुळे फोडलेला माल, विशेषतः सर्किटच्या पट्ट्या, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या रिसायकलरलाच द्याव्यात.

नवी डिस्क बसवताना मेकॅनिककडून तिला पहिल्याच दिवशी कुलूप घालून घ्यावे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असते, इतरांसाठी व्हेराक्रिप्ट फुकट मिळते. मग उद्या ही डिस्क बंद पडून कोणाच्या हाती गेली, तरी पासवर्डशिवाय वाचता येणार नाही. तो पासवर्ड आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. ती हरवली तर मालकालाही स्वतःचा हिशेब दिसणार नाही.