दीर्घ पल्ल्याची एकल सायकलस्वारी आणि शोषाची चार कारणे



वांगणी-कर्जत रस्त्यावर रविवारी पहाटे फिरावयास निघाल्यास आता एक दृश्य हमखास दिसते. डोक्यावर शिरस्त्राण, मागे लुकलुकणारा तांबडा दिवा आणि खाली वाकून सायकल हाकणारे चाळीशी-पन्नाशीचे स्त्री-पुरुष. त्यांतील कित्येक जण दिवसाकाठी दोनशे किलोमीटर जाऊन येतात. मोठ्या स्वारीपूर्वी हे लोक आपल्या चिकित्सालयात अथवा औषधी दुकानात येतात. त्यांच्या मागण्या बहुधा दोनच असतात : "ताकदीचे काहीतरी द्या" आणि "दुखू नये असे काहीतरी द्या". या दोन्ही मागण्यांना आपण किती सहज होकार देतो, याचा विचार मला एका प्रसंगाने करावयास लावला.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. वांगणीहून खोपोली, पाली, रोहा करीत मुरूड गाठावयाचे आणि तेथून किनाऱ्याने एकट्यानेच रत्नागिरीस जावयाचे, असा त्यांचा बेत होता. मी नाडी व रक्तदाब पाहिला, अश्वगंधा चूर्ण दिले, अभ्यंगासाठी तेल दिले आणि निघताना सांगितले, "पाणी भरपूर प्या, तहान लागण्याची वाट पाहू नका."

त्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. तिसऱ्या दिवशी दाभोळची खाडी ओलांडून गुहागरकडे जाताना त्यांचे डोके दुखू लागले, उलट्या झाल्या, बोटातील अंगठी निघेनाशी झाली आणि बोलण्यात असंबद्धता आली. उन्हाचा त्रास समजून लोकांनी आणखी पाणी पाजले. रुग्णालयात रक्ततपासणी केली तेव्हा सोडियम फारच उतरल्याचे आढळले. वेळेवर उपचार मिळाल्याने ते वाचले. परत आल्यावर त्यांनी मला दोष दिला नाही. दोष माझाच होता. पुढील विवेचन त्यातून आले आहे.

या क्रीडेचे स्वरूप

या प्रकारास फ्रान्समध्ये मोठी परंपरा आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची स्वारी प्रथम १८९१ साली झाली. त्याच धर्तीवरील 'ब्रेव्हे' स्वाऱ्या आता महाराष्ट्रातही नियमित होतात. २०० कि.मी.साठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. सरासरी वेग ताशी १५ कि.मी. ठेवला तरी पुरते. म्हणजे ही वेगाची नव्हे, तर सहनशक्तीची परीक्षा आहे.

महाराष्ट्राचे नाव या क्षेत्रात उंचावणाऱ्यांत वैद्यकीय व्यावसायिक अनेक आहेत, हे आपणांस अभिमानाचे वाटावे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० कि.मी. चालणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली लष्करी वैद्यकीय सेवेतील श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकल गटात बारा दिवसांच्या मुदतीच्या आत संपविली.

परंतु येथे एक भेद ध्यानी घ्यावा. अमेरिकेतील त्या स्पर्धेत 'एकल' स्वाराच्या मागेही मोटार आणि साहाय्यक चमू असतो. तो काय खातो, किती पितो, कधी झोपतो, बोलणे अडखळते काय, याची नोंद दुसरे कोणी ठेवते. पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली सुमारे २९ हजार कि.मी.चा जगप्रवास १५९ दिवसांत केला, तो बहुतांशी एकटीने. अशा प्रवासात आणि आपल्याकडून कोकणात निघणाऱ्या स्वाराच्या बाबतीत स्वतःवर नजर ठेवणारा तो स्वतःच असतो. आणि भ्रम झाला की पहिली हानी होते ती याच निरीक्षकाची. म्हणून निघण्यापूर्वी त्यास लक्षणे शिकविणे हे वैद्याचे काम ठरते.

घाट आणि किनारा

घाट एकदा चढला की संपतो. किनाऱ्याचा रस्ता मात्र प्रत्येक खाडीपाशी खाली उतरतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे या फेरीबोटींच्या टप्प्यांवर हे चढउतार मोजून पाहावेत. त्यातच देश बदलतो. आनूप देशातील दमट हवेत घाम सुकत नाही, तो नुसताच वाहतो. शरीर थंड होत नाही, मात्र पाणी व लवण जात राहते. सह्याद्रीपलीकडील कोरड्या हवेत सराव केलेल्यास हा फरक निघण्यापूर्वीच समजावून सांगावा.

चार कारणे

चरकाचार्यांनी शोषाची चार आयतने सांगितली आहेत : साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन. एकल स्वारास सांगण्यासाठी याहून सुटसुटीत सूची मला सापडलेली नाही. सदर रुग्णास शोष झाला होता असे माझे म्हणणे नाही. निदानाची ही चौकट येथे प्रतिबंधासाठी वापरावी, इतकेच.

साहस. आपल्या बलाचा विचार न करता केलेले कर्म ते साहस. बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने, इतर ऋतूंत त्याहून कमी व्यायाम करावा, असा दंडक आहे. बारा तासांची स्वारी या मापाने साहसच होय, हे स्वारास स्पष्ट सांगावे. ती करावयाचीच असेल तर गती तरी अर्धशक्तीची असावी. चढावर तोंडाने श्वास घ्यावा लागला, पूर्ण वाक्य बोलता येईना, की हलका गिअर घ्यावा अथवा उतरून चालावे. अंतर दर आठवड्यास थोडेथोडे वाढवावे.

संधारण. हे सर्वांत उपेक्षित कारण. मूत्र, क्षुधा, तृष्णा, निद्रा व श्रमश्वास हे पाचही अधारणीय वेग स्वार मुदतीच्या भीतीने रोखतो. निद्रावेग रोखल्यास जृंभा, अंगमर्द, डोके व डोळे जड होणे ही लक्षणे संहितेत आहेत. रात्री उतारावर ती प्राणघातक ठरतात. जांभया वारंवार येऊ लागल्या की सुरक्षित जागा पाहून वीस मिनिटे झोपावे. तृष्णेविषयी माझी चूक वर सांगितलीच आहे. तहान रोखू नये, तसेच तहान नसता पाणी ढोसूही नये. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले होते, आणि शर्यतीत वजन वाढणे हे त्याचे ठळक लक्षण होते. सरावाच्या स्वारीपूर्वी व नंतर वजन करावे. ते किंचित घटणे स्वाभाविक आहे. वाढले तर पाणी जास्त झाले.

क्षय. येथे मी हा शब्द घामावाटे होणाऱ्या रस व लवणाच्या क्षयापुरता घेतो. सैंधवयुक्त लाजमंड, मीठ-साखर घातलेले कोकम सरबत, ओ.आर.एस. हे उपयुक्त आहेत. तथापि रक्तात लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल सोडियम असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या ओ.आर.एस.मध्ये ७५. म्हणून हेही तहानेपलीकडे प्यायल्यास धोका टळत नाही.

विषमाशन. दिवसभर उपाशी राहून रात्री ढाब्यावर तिखट-तेलकट आहार, हा नेहमीचा क्रम. त्याऐवजी दर तासाने खजूर, मनुका, केळे, राजगिऱ्याची वडी असे लघु अन्न घ्यावे. नवा पदार्थ मोठ्या स्वारीत प्रथमच खाऊ नये.

औषधी दुकानदारांस विनंती

स्वारीपूर्वी खिशात ठेवण्यासाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या मागितल्या जातात. रसक्षय झालेल्या शरीरात या गोळ्या वृक्काचा रक्तपुरवठा आणखी घटवितात, आणि थांबण्याची सूचना देणारी वेदनाही झाकतात. त्या देऊ नयेत. कारण समजावून सांगितल्यास गिऱ्हाईक दुरावत नाही, असा अनुभव आहे. आपल्या शक्तिवर्धक कल्पांबाबतही हेच म्हणावे लागेल : ते महिनोन्‌महिने पथ्यासह घ्यावयाचे आहेत. आदल्या दिवशी विकलेला डबा खोटा धीर तेवढा देतो. घर्षणाच्या जागी लावण्यास शतधौत घृत अवश्य द्यावे; मात्र पू झालेल्या गळूवर नव्हे.

स्वारास लिहून द्यावयाची लक्षणे

पुढील लक्षणे मी आता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो व हँडलजवळच्या पिशवीत ठेवावयास सांगतो.

१. डोकेदुखी, उलटी, बोटे सुजणे, असंबद्ध बोलणे : पाणी पिऊ नये, सोडियम मोजण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे.

२. काळपट तपकिरी मूत्र, अथवा आठ तासांत मूत्रप्रवृत्ती नसणे : स्वारी संपली असे समजावे. स्नायूंचा विघात व वृक्कदोष यांची तपासणी आवश्यक.

३. छातीत दुखणे, घेरी, हृदयाचे ठोके अनियमित : तत्काळ थांबावे.

४. करंगळी व अनामिका बधिर होणे, अथवा बैठकीची जागा व जननेंद्रिय बधिर होणे : नाडीतंतूंवर दाब आहे. हातांची जागा बदलावी, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहावे. बधिरता टिकल्यास स्वारी सोडावी.

५. मान डोके पेलेनाशी होणे : अतिदीर्घ स्पर्धांत दिसणारा हा स्नायूंचा थकवा आहे, रस्ता दिसत नसता पुढे जाऊ नये.

चाळीशीवरील स्वाराची मधुमेह, रक्तदाब व हृद्रोगाच्या दृष्टीने तपासणी, आवश्यक तर ई.सी.जी., निघण्यापूर्वी करावी. तो मूत्रल अथवा अन्य औषधे घेतो काय, हे आवर्जून विचारावे. घरच्या एका व्यक्तीने ठरावीक वेळी दूरध्वनी करून त्याच्याशी दोन वाक्ये बोलावीत; बोलण्यातील विसंगती तिला प्रथम कळेल.

उपरोक्त गृहस्थांनी पुढील वर्षी राहिलेला टप्पा पुरा केला. निघण्यापूर्वी ते आले, तेव्हा मी कोणतेही चूर्ण दिले नाही. अर्धा तास समोर बसवून ही चार कारणे समजावली आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतली. जयगडची खाडी ओलांडल्यावर त्यांचा दूरध्वनी आला : "वैद्यराज, झोप येत होती, म्हणून धक्क्यावरच झोपलो. दोन तास उशीर झाला." त्या दोन तासांचे मला फार समाधान वाटले.