इंद्रधनुष्यातला ‘पारवा’ नेमका कुठे असतो?



‘तानापिहिनिपाजा’ आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. जळगावची शाळा असो की धुळ्याची, सहावा रंग पारवा, म्हणजे इंडिगो. मीही तेच धरून चाललो होतो.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका सादरीकरणात आलेखावर ४२० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्याला मी ‘पारवा’ असं लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, “ही सीमा कोणी ठरवली?” मी म्हणालो, “सर, पुस्तकात आहे.” पुढे काही बोलताच आलं नाही.

नंतर शोधलं. न्यूटनने सुरुवातीच्या व्याख्यानांत पाचच मुख्य रंग सांगितले होते. नारिंगी आणि पारवा त्याने नंतर घातले, कारण त्याला रंगांची विभागणी संगीतातल्या सप्तकाशी जुळवायची होती. १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये तो सांगतो की रंगांच्या सीमारेषा आखताना त्याने एका सहाय्यकाची मदत घेतली, कारण त्या माणसाची नजर रंग ओळखण्यात जास्त तीक्ष्ण होती. म्हणजे पट्टे निसर्गाने पाडलेले नाहीत, माणसाने आखलेत. वर्णपट सलग आहे. म्हणूनच आजच्या अनेक तक्त्यांत पारवा नसतोच. निळ्यानंतर थेट जांभळा.

आपल्या शब्दातही गंमत आहे. पारवा हा मुळात पक्षी, आणि त्याचा रंग राखाडीकडे झुकणारा. राखाडी तर वर्णपटात कुठेच नाही!

दुसरा घोळ होतो नीळ या रंगद्रव्याचा. जीन्सला लावतात तीच ही नीळ. तिचं द्रावण यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवलं, तर शोषणाचं शिखर साधारण ६०० ते ६१० नॅनोमीटरला, म्हणजे नारिंगी भागात येतं. नारिंगी प्रकाश शोषला जातो, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो. तेव्हा ‘इंडिगो डाय’ आणि ‘इंडिगो पट्टा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आलेख वाचताना इथेच गफलत होते.

मग करायचं काय? रंगाचं नाव लिहिण्याऐवजी तरंगलांबी लिहा. नाव द्यायचंच असेल, तर सीमा कोणत्या तक्त्यावरून घेतली तेही लिहा. शिखर शोषणाचं आहे की उत्सर्जनाचं, हे स्पष्ट करा.

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसाल, तेव्हा आपल्या विषयातला असा एखादा ‘पारवा’ आधी शोधा: सगळे वापरतात, पण सीमा कोणी ठरवली ते कोणी विचारत नाही. परीक्षकांनी विचारण्याआधी आपणच विचारलेलं बरं.